एका मीटरवरून

हे गेल्यावर मी रडले नाही, ही गोष्ट घरातल्यांच्या मनाला फारच लागली. वन्सं, म्हणजे यांच्या थोरल्या बहीण, रोज सकाळी माझ्या तोंडाकडे नळाला पाणी आलं का बघावं तसं बघायच्या. नाही आलं की सुस्कारा सोडून चहाचं आधण ठेवायला जायच्या. लेक आठवडाभर काही बोलली नाही. मग एकदा म्हणाली, "आई, मोकळी हो गं." जसं काही मी कुलूप लावून बसले होते आणि किल्ली मुद्दाम देत नव्हते.

मला काहीच वाटत नव्हतं. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल कसा परका होतो, चावला गेला तरी पत्ता लागत नाही, तसं होतं. फक्त गालापुरतं नव्हतं. मी वेळेवर उठत होते, जेवत होते. यांच्या पलंगावरची चादर दर तीन दिवसांनी बदलत होते, तिच्यावर कोणी झोपत नसताना. दुसऱ्या आठवड्यात कामावर जायला लागले. वन्सं म्हणाल्या, "लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोकांना चष्मे हवेत."

सत्तावीस वर्षं मी चष्म्याच्या दुकानात आहे. नंबर तपासते, काचा घासून फ्रेममध्ये बसवते. "आता स्पष्ट दिसतंय की आधी दिसत होतं?" हे मी आयुष्यात जितक्या वेळा विचारलंय, तितक्या वेळा कोणाला "जेवलात का?" विचारलं नसेल.

तिसऱ्या आठवड्यात लेकीने फोटोचा विषय काढला. हॉलमध्ये बाबांचा एक फोटो हवा. झालं, तिघी मिळून कपाटं उपसायला बसलो. फोटोंना तोटा नव्हता, खोकीच्या खोकी निघाली. त्यात मी होते, लेक बोळक्या तोंडाची होती, वन्संचे केस काळे होते, शेजाऱ्यांचं कुत्रंसुद्धा तीन वेगवेगळ्या वयात होतं. हे मात्र कुठेच नव्हते. लग्नाच्या फोटोत तोंड अर्धं वळलेलं, कारण ते फोटोग्राफरला काहीतरी शिकवत होते. ओळखपत्रावरचा फोटो पंचवीस वर्षांपूर्वीचा, त्यावर नेमका नाकाडोळ्यांवर शिक्का. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. चाळीस वर्षं कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या माणसाचा घरात धड एक फोटो नव्हता.

"काहीच नाही का गं?" लेकीचा आवाज रडवेला झाला.

"आहेत," मी म्हटलं. "एकतीस आहेत. कॅमेऱ्यातच आहेत अजून."

लेकीने हातातलं खोकं खाली ठेवलं. एवढे दिवस सांगितलं का नाहीस, असं कोणी विचारलं नाही, ते बरं झालं. विचारलं असतं तर मला खरं सांगावं लागलं असतं. मला यांचा चेहरा आठवत नव्हता. हात आठवत होते. डाव्या अंगठ्याच्या नखातली काळी रेघ, खोकल्याआधी घसा साफ करायची पद्धत, पाठ, मान, सगळं. चेहऱ्यापाशी आलं की काही नाही. ज्या माणसाशेजारी तेहतीस वर्षं झोपले त्याचं तोंड आठवत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगणार? त्या रोलवर माझी सगळी भिस्त होती. आणि म्हणूनच तो धुवायला द्यायला हात धजत नव्हता.

त्या कॅमेऱ्याबद्दल सांगायला हवं. यांच्याकडे दुरुस्तीला सगळ्या तऱ्हेचे कॅमेरे यायचे, पण स्वतःचा एकच होता, रेंजफाइंडर. त्यात लेन्समधून दिसत नाही. कोपऱ्यात वेगळी छोटी खिडकी असते, तिला डोळा लावायचा. मधोमध एक फिकट चौकोन असतो आणि त्या चौकोनात समोरचा माणूस दोनदा दिसतो. लेन्सची कडी बोटाने फिरवत गेलं की ते दोघे सरकत सरकत एकमेकांवर येतात. दोघांचा एक झाला की दाबायचं. लेन्स पन्नास मिलिमीटरची, साधी, माणसाला जेवढं दिसतं तेवढंच दाखवणारी, आणि इतकी छोटी की बघणाऱ्याला वाटावं पुढचा भाग बसवायचा राहिलाय. काम झालं की तिची नळी वळवून आत ढकलून द्यायची, म्हणजे कॅमेरा कोटाच्या खिशात मावतो. हे तिला कासव म्हणायचे.

यांच्या दुकानात कोणी धुरकट फोटोंचा गठ्ठा घेऊन भांडायला आलं की हे फोटो न बघताच विचारायचे, "कासवाची मान बाहेर काढली होती का?" गिऱ्हाईक गप्प. कारण नळी बाहेर ओढून खटका लावायला विसरलं, तरी खिडकीतून सगळं लख्खच दिसतं. दोघांचा एक होतो, बटण दाबलं जातं, आवाजही तोच येतो. फिल्मवर मात्र धुकं. घरी येऊन हे मला असल्या गिऱ्हाइकांच्या नकला करून दाखवायचे आणि मी भाजी चिरता चिरता हसायचे.

पण त्या लेन्सला हात लावायची मला परवानगी नव्हती. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात मी तिच्यावरची धूळ पदराने पुसली होती. तेव्हा जो काही आरडाओरडा झाला, त्यानंतर घरात दोन गोष्टींना मी कधी हात लावला नाही, विजेच्या उघड्या तारेला आणि त्या लेन्सला. माझ्या धंद्यातही तोच नियम. काचेला बोट लावायचं नाही, कडेने धरायचं.

मग यांची छाती बिघडली. पलंग बाहेरच्या खोलीत खिडकीला लावला. डॉक्टर महिना-दीड महिना म्हणाले, यांच्यासमोरच म्हणाले, कारण यांनीच विचारलं होतं. दोन दिवसांनी मी सहज म्हटलं, "तुमचा एकही फोटो नाही. मला काढायला शिकवा." वाटलं, नेहमीसारखे वस्सकन अंगावर येतील. आयुष्यभर कोणी कॅमेरा रोखला की हे उठून दुसऱ्या खोलीत जायचे. पण हे म्हणाले, "शिकवतो. रोज एक काढ. नऊ वाजता या खिडकीतला उजेड चांगला असतो."

मला आश्चर्य वाटलं, पण घासाघीस कोण करतं?

चार दिवस रिकाम्या कॅमेऱ्यावर शिकवणी झाली. हे पलंगावर बसून कॅमेरा तयार करून माझ्या हातात द्यायचे. चौकोन कसा बघायचा, कडी कोणत्या बोटाने फिरवायची, लेन्सवर तेवढंच एक बोट, फिल्म पुढे कशी सरकवायची, श्वास कधी धरायचा. ही लेन्स एका मीटरच्या आत फोकस होत नाही, म्हणून पलंगापासून मोजून एक मीटरवर स्टूल ठेवलं आणि त्याच्या पायांशी जमिनीवर चिकटपट्टी लावून घेतली. मला म्हणाले, "पालथ्या घड्यावर पाणी पडेल असं वाटलं होतं. पण तू बरी शिकलीस." पाचव्या दिवशी स्वतः रोल भरला, कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये घालून माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "आता तू आणि तो."

एकतीस सकाळी मी त्या स्टुलावर बसले. यांनी चष्मा काढून ठेवायचा, काचांवर खिडकी चमकते. हे सरळ माझ्याकडे बघायचे. मी चौकोन यांच्या उजव्या डोळ्यावर धरायची. दोन डोळे, एकमेकांपासून थोडे लांब. कडी फिरवायची, डोळे जवळ यायचे, एक व्हायचा. "घे," म्हणायचे. मी घ्यायची. मग दुकानात जायची. बत्तिसाव्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा हे नव्हते.

आता मला वाटतं, चेहरा आठवत नाही तो त्यामुळेच. महिनाभर मी तेवढा एक डोळाच बघत होते.

शनिवारी दुपारी कॅमेरा पिशवीत घालून मी निघाले. दोन गल्ल्या सोडून यांच्या दोस्ताची लॅब आहे. रोल धुणं हाच त्यांचा उद्योग, म्हणून यांनी त्यांना धुलाईवाले नाव पाडलं होतं आणि मीही त्यांना धुलाईवाले भावजीच म्हणते. हल्ली रोल धुवायला फार कोणी येत नाही. पुढच्या अर्ध्या भागात ते कागदपत्रांच्या छायाप्रती काढून देतात, मागे अंधारी खोली अजून जपून ठेवलीय.

"यांचा रोल आहे," मी म्हटलं. "म्हणजे यांचे फोटो. मी काढलेले."

"तुम्ही?" त्यांनी कॅमेरा दोन्ही हातांनी घेतला. "आणि त्याने काढू दिले?"

"रोज एक."

"कमाल आहे. मला चाळीस वर्षांत एकदा पाठमोरा काढू दिला होता." ते काउंटरवरची कागदं बाजूला सारून उठले. "बसा वहिनी. आत्ताच धुतो."

तासाभराने ते आतून आले. ओली फिल्म चिमट्याला लटकत होती. खिडकीपाशी तारेवर त्यांनी ती अडकवली, चष्मा कपाळावर सरकवला आणि खालच्या टोकाकडून बघायला लागले. एक बघितली, दुसरी, तिसरी. सातआठ झाल्या आणि ते थांबले. भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. खोटं बोलणं त्यांना जमत नाही. पत्त्यांतसुद्धा जमायचं नाही, हे नेहमी जिंकायचे.

"वहिनी," ते म्हणाले, "लेन्स आत होती का हो?"

मी उठून जवळ गेले. निगेटिव्हमध्ये उजेड काळा दिसतो हे मला माहीत होतं. प्रत्येक चौकटीत डावीकडे एक काळा डाग, ती आमची खिडकी. मध्ये करडं काहीतरी. खाली फिकट पट्टा, ती चादर असावी. नाक नाही, तोंड नाही, माणूस आहे की उशी आहे तेही सांगता येऊ नये. सातआठही तशाच. धुलाईवाले भावजींनी माझ्याकडे खुर्ची सरकवली. मी बसले नाही. रडूही आलं नाही. गाल अजून बधिरच होता.

"तुम्ही ओढलीच नाहीत का ती बाहेर?"

"लेन्सला हात लावायचा नाही, असं आमच्या घरात आहे," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मग मला नाही तर स्वतःलाच विचारल्यासारखं म्हणाले, "पण तो तर समोरच बसला होता ना?"

मी म्हटलं, "फिल्म वाळू दे. उद्या-परवा नेते." कॅमेरा उचलला आणि माझ्या चष्म्याच्या दुकानाकडे चालायला लागले. रस्त्यात कोणी भेटलं का, ते आठवत नाही. त्यांचं वाक्य मात्र बरोबर येत होतं. तो तर समोरच बसला होता.

दुकानात एक म्हातारे गृहस्थ डोळ्यांत थेंब घालून बाकावर बसले होते, त्यांच्या बाहुल्या मोठ्या व्हायला अर्धा तास होता. मी कॅमेरा काउंटरवर ठेवला, कासवाची मान आत असलेला, होता तसा. टेप काढून त्याच्यापासून एक मीटर मोजलं आणि तिथे खुर्ची ओढली. यांचा नंबर मला पाठ आहे, दोन्ही डोळे उणे दीड. तो चष्मा मीच बनवला होता. माझी दूरची नजर चांगली आहे, म्हणून तपासायच्या फ्रेममध्ये दोन्हीकडे अधिक दीडच्या काचा घातल्या. तसं केलं की धडधाकट डोळ्याला उणे दीडवाल्यासारखं दिसतं. भिंतीवरच्या तक्त्यातल्या बारीक ओळी विरघळून गेल्या. हे चष्मा काढल्यावर असंच बघायचे.

"बाई, तुम्हालाही नंबर लागला का?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "आमच्या यांचा लावून बघतेय."

मग मी कॅमेऱ्याकडे बघितलं. कडा जराशा मऊ होत्या, तेवढंच. लेन्स आत आहे हे दिसत होतं. उठून, तेहतीस वर्षांत पहिल्यांदा, मी कडी सोडून तिची नळी धरली, बाहेर ओढली, वळवली. खट् झालं. परत जाऊन बसले. आता बाहेर होती, बोटाच्या दोन पेरांएवढी. न दिसायला माणूस आंधळाच हवा. मी पुन्हा उठून ती आत ढकलली, पुन्हा बघितलं. चार वेळा केलं. म्हातारे माझ्याकडे त्या मोठ्या होत चाललेल्या बाहुल्यांनी बघत होते, त्यांना काय दिसलं असेल ते त्यांनाच ठाऊक.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकवीस दिवसांत मला पहिल्यांदा काहीतरी वाटलं आणि तो राग होता. एकतीस वेळा! रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला थांबवून "अहो, मान बाहेर काढा" सांगणारे हे. वाढताना मीठ चुकीच्या बाजूला पडलं तरी बोलल्याशिवाय घास न घेणारे हे. समोर बसून एकतीस वेळा "घे" म्हणाले आणि मूग गिळून गप्प राहिले. मला आठवलं, शिकवताना सगळं सांगितलं होतं, श्वाससुद्धा सांगितला होता, पण नळी ओढायचं सांगितलं नव्हतं. प्रत्येक वेळी स्वतः ओढून कॅमेरा हातात द्यायचे. आणि रोल भरल्यावर ती आत ढकलून कॅमेरा दिला. ताकास तूर लागू दिली नाही.

घरी येऊन मी सांगून टाकलं, चप्पलही काढली नव्हती. "फोटो आले नाहीत. सगळे धूसर आहेत. लेन्स आत होती."

"एकही नाही?" लेक म्हणाली.

"सातआठ बघितले. बाकीचे वेगळे कशाने असतील?"

"आई, एवढं साधं गं!" ती ओरडली आणि लगेच तिला स्वतःचीच लाज वाटली. "आणि बाबांना नाही दिसलं?"

"दिसलं."

"कशावरून?"

"मी त्यांच्या डोळ्यांनी बघून आले."

 बहुतेक लेकीला वाटलं आईचं डोकं फिरलं. वन्संनी माझा हात धरून मला खुर्चीत बसवलं. म्हणाल्या, "त्याला तुला टोकायचं नसेल गं. जाता जाता कशाला दुखवा, म्हणून."

"वन्सं, त्यांनी मला तेहतीस वर्षं टोकलंय. टोकलं नाही तर मला दुखतं."

वन्सं चहाचं आधण ठेवायला उठल्या. लेक आत गेली आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळभर मी रिकाम्या पलंगासमोर त्याच स्टुलावर बसून राहिले. हिशेब तसा सोपा होता. यांना स्वतःचं ते रूप मागे ठेवायचं नव्हतं. गालफडं बसलेली, गळ्याच्या शिरा वर आलेल्या, डोळे मोठे झालेले. आणि मला नाही म्हणायचं नव्हतं. म्हणून दोन्ही केलं. मला फोटो काढू दिले आणि फोटो दिला नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यातले दोष काढणाऱ्या माणसाने शेवटी माझ्या कॅमेऱ्यात एक दोष ठेवून दिला. मला समजत होतं. समजून राग कमी होत नव्हता. मला ती गालफडंही चालली असती. माझीच होती ती.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दहाच्या सुमाराला दाराची घंटा वाजली. धुलाईवाले भावजी होते, इस्त्रीच्या शर्टात, हातात पुठ्ठ्याचं पाकीट. वन्संनी चहा पुढे केला, तर नको म्हणाले, मग घेतला, मग तसाच हातात धरून बसले.

"वहिनी, तुम्ही एकतीस म्हणाला होता ना?"

"एकतीसच."

"बत्तीस आहेत. काल मला पुढचं बघवलं नाही. आज सकाळी कापायला घेतली तेव्हा सगळी बघितली." त्यांनी पाकीट माझ्याकडे दिलं. "दहावी चौकट तुमची नाही. दहावीला लेन्स बाहेर आहे. अकरावीला परत आत."

लेक आतून धावत आली. "बाबा आहेत त्यात?"

ते फक्त "बघा" म्हणाले.

मी फोटो बाहेर काढला. त्यात मीच होते.

चौकट जरा कललेली, हात थरथरला असणार. पलंगाच्या उंचीवरून, खालून वर काढलेला. मागे आमचं कपाट, त्याचं उघडं राहिलेलं दार. मी स्टुलावर नाही, उभी आहे, हातात सुपाचा वाडगा. माझा निळा स्वेटर मी उलटा घातलाय. शिवणी बाहेर, मानेपाशी लेबल वर उभं. आणि मी हसतेय. साधंसुधं नाही, तोंड उघडून, डोळे बारीक करून, दाढेतली चांदी दिसेपर्यंत. पापणीचा एकेक केस मोजावा इतकं स्पष्ट.

"त्याचा हात आहे हा," भावजी म्हणाले. "खटका लावला, फोकस केलं, एक काढला आणि नळी परत आत ढकलली. ती आपोआप आतबाहेर होत नाही, वहिनी. आणि अशा हातांनी!"

मला ती सकाळ आठवली, अर्धवट. हे म्हणाले होते, "आण इकडे, जरा हातात धरू दे. फार दिवस झाले." मी कॅमेरा दिला आणि सूप आणायला आत गेले. परत आले तेव्हा यांनी काहीतरी म्हटलं. मी हसले, वाडग्यातलं सूप सांडलं, पुसलं. कॅमेरा पलंगावर पडलेला होता, मी उचलून केसमध्ये ठेवला. शटरचा आवाज माझ्या हसण्यात बुडाला असणार.

"काय म्हणाले होते गं बाबा?" लेकीने माझ्या खांद्यावरून फोटोकडे बघत विचारलं.

"स्वेटरवरून असेल काहीतरी."

"पण काय?"

मी आठवायचा प्रयत्न केला. खरोखर केला. वाडगा आठवला, चादरीवरचा डाग आठवला, यांचा आवाजही आठवला, खालच्या पट्टीतला, नक्कल करतानाचा. शब्द येईनात. डॉक्टरांनी महिना सांगितलेल्या घरात, दहाव्या दिवशी सकाळी, या माणसाने मला इतकं हसवलं होतं आणि मी ते विसरून गेले होते. मी त्या महिन्यात हसले होते हेसुद्धा मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला खोटं पाडलं असतं.

"नाही आठवत," मी म्हटलं.

वन्संनी फोटो माझ्या हातातून घेतला, लांब धरला, जवळ धरला. त्यांचा नंबर वाढलाय, तपासायला हवा. लेक भिंतीकडे बघत होती, जिथे तिने परवाच खिळा ठोकून ठेवला होता. म्हणाली, "हाच लावू या ना, आई. बाबांचं म्हणून एवढंच आहे."

"माझा?" मी म्हटलं. "अगं, मी जिवंत आहे अजून."

आधी धुलाईवाले भावजींना फुटलं, ते कपातल्या चहासकट हलायला लागले. मग वन्संना. लेक तोंडावर हात धरून हसायला लागली, तीन आठवड्यांत पहिल्यांदाच. मीही हसायला तोंड उघडलं. हसू आलं नाही. दुसरंच काहीतरी आलं, इतक्या मोठ्याने की आधी मला कळलंच नाही ते माझ्याच घशातून येतंय. मी कपाटाला धरून उभी राहिले, मग खाली बसले, फरशीवरच्या चिकटपट्टीपाशी. भावजींनी कप खाली ठेवला. लेक माझ्याकडे यायला निघाली, तेव्हा वन्संनी तिचा हात धरला. "राहू दे," त्या म्हणाल्या. "रडू दे तिला."